आत्याच्या शेजारची जागा

मामा, काल दादांचा पुन्हा ट्रंक कॉल आला होता. लाइनीवर खरखर, मध्येच कुठल्याशा दोन बायका लग्नाच्या साड्यांविषयी बोलत होत्या, तरी एवढं नीट ऐकू आलं की पाथरवट विचारतोय, तारीख कधी कोरायची. तुमचे थोरले चिरंजीव तिकडे गावी तुमच्या दगडापाशी उभे, आणि तुम्ही इकडे चंदीगडच्या ख्रिस्ती कब्रस्तानात, भिंतीलगतच्या कडुलिंबाखाली, ओळखपाळख नसलेल्या पंजाबी मंडळींच्या रांगेत. दगड एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. जन्मभर नेटकेपणाने राहिलेल्या पाळकाची अशी गत व्हावी, आणि ती धाकट्या सुनेच्या हातून व्हावी, हे दादांच्या मनातून जात नाही.

लग्न होऊन घरात आले तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, "सासरेबुवा वगैरे नको, मामा म्हण. भांडायला सोपं जाईल." सासूबाई, म्हणजे आत्या, आतून हसल्याचं मला ऐकू आलं होतं. तुमचा तो शब्द मी मनावर घेतला. मामा, मी तुमच्याशी जितकी भांडले तितकी प्रकाशशीही भांडले नाही. आता घरात शांतता आहे आणि ती मला सोसत नाही.

आपल्या भांडणाचं मूळ तुमच्या त्या एका वाक्यात होतं. "प्रभूची इच्छा असेल तर." पुढे घडायच्या कुठल्याही गोष्टीच्या शेपटाला तुम्ही ते बांधायचात. उद्या उपासनेला जाऊ, प्रभूची इच्छा असेल तर. मटार आणतो, प्रभूची इच्छा असेल तर. मी चहा ठेवू का विचारलं तरी, "ठेव, प्रभूची इच्छा असेल तर." मी म्हणायची, "मामा, गॅस संपला असेल तर तीही त्याचीच इच्छा का?" तुम्ही चष्म्यावरून बघायचात आणि म्हणायचात, "गॅस संपला तर ती प्रकाशची हयगय. इच्छा वेगळी, हयगय वेगळी." आमच्या पिंकीला तर ते वाक्य म्हणजे आजोबांचा पूर्णविराम वाटायचा. ती मराठीत एक अक्षर बोलत नाही, पण हे मात्र हुबेहूब तुमच्या आवाजात म्हणून दाखवायची.

फक्त एका गोष्टीला तुम्ही ते कधी जोडलं नाहीत.

आत्या गेल्या तेव्हा तुम्ही दोघांसाठी मिळून एकच काळा दगड घडवून घेतलात. आपल्याकडे पुष्कळ जण करतात तसं. डावीकडे आत्यांचं नाव, जन्म, निद्रा. उजवीकडे तुमचं नाव, जन्म, आणि 'निद्रा' या शब्दापुढे कोरी जागा. दगड बसवला त्या दिवशी तुम्ही त्या कोऱ्या जागेवरून हात फिरवलात आणि खूश होऊन म्हणालात, "पाथरवटाचं एवढंच काम उरलंय." मी तोंड फिरवलं होतं. जिवंत माणसाचं नाव कबरीवर. पण तुम्ही पाहुण्यांना नवं घर दाखवावं तशा उत्साहाने येणाऱ्याजाणाऱ्याला ती जागा दाखवत होतात. "मी इथे. हिच्या उजव्या हाताला."

गेल्या नाताळाला तुम्ही इकडे आलात ते महिन्याभरासाठी. थंडी सरली की परत जायचं आणि ईस्टरच्या पहाटे आत्यांच्या कबरीवर फुलं ठेवायची, हे ठरलेलं. आलात तेव्हा शहराचं हे रूप तुम्हाला नवीन होतं. चौकाचौकांत वाळूच्या गोण्या, मागे बंदुका. प्रकाश सेक्टर सतराच्या ऑफिसातून स्कूटरवर यायचा तर वाटेत तीनदा थांबवून जेवणाचा डबासुद्धा उघडायला लावायचे. अंधार पडला की रस्त्यावर माणूस नाही. रोज पेपरात मेलेल्यांचे आकडे, आणि लोक ते वाचून पान उलटायला शिकले होते. मी प्रकाशच्या मागे बदलीसाठी धोशा लावला होता. तुम्हाला म्हटलं, तुम्ही तरी सांगा त्याला. तुम्ही म्हणालात, "मला बदल्यांविषयी काय विचारतेस? मी कधी मागितली नाही आणि कधी नाकारली नाही."

ते खरं होतं. त्या दुपारी गच्चीवर उन्हात शेंगा सोलता सोलता तुम्ही तुमची सगळी गावं सांगितलीत. मिशनच्या समितीचा हुकूम आला की बैलगाडीत भांडी टाकायची आणि निघायचं. प्रत्येक पाळकघरामागे तुम्ही लिंबाचं झाड लावलंत आणि एकाही झाडाचं लिंबू तुम्हाला खायला मिळालं नाही. लिंबं धरायच्या आत बदली. तुम्हाला शिक्षक व्हायचं होतं, सायकल मिळाली आणि वीस वाड्या मिळाल्या. आत्यांना एकाच घरात दोन पावसाळे काढायची हौस होती, तीही फिटली नाही. "सगळं त्याच्या इच्छेवर सोडलं," तुम्ही म्हणालात, "आता गावची ती सहा फूट जागा तेवढी माझी. तिथून कोणी माझी बदली करणार नाही."

मी भांडकुदळ. मला फट दिसली. म्हटलं, "मामा, दगडावर एक वाक्य राहिलं की."

"कुठलं?"

"प्रभूची इच्छा असेल तर."

तुम्ही हातातली शेंग खाली ठेवलीत. तुम्हाला एवढं रागावलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "सुमन, त्या जागेची थट्टा नको. बाकी सगळं दिलंय मी त्याला. तेवढी जागा सोडून बोल." मग उठून खाली निघून गेलात. संध्याकाळच्या प्रार्थनेत माझं नाव घेऊन माझ्यासाठी शहाणपण मागितलंत, ते मला चांगलंच लागलं. प्रार्थनेत माणसाला उलट उत्तर देता येत नाही, हा तुम्हा पाळकांचा मोठा फायदा.

तुमच्या परतीच्या दिवशी दुपारच्या गाडीने दिल्ली आणि पुढे मनमाड असं ठरलं होतं. ट्रंक आणि वळकटी खाली अंगणात नेऊन ठेवली होती. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण बीजींचा मुलगा कुलवंत आपल्या गाडीतून स्टेशनवर सोडणार होता. सकाळी जवळच्या खरड गावी जाऊन फर्निचरचं दुकान उघडतो आणि लगेच येतो, म्हणाला. जाताना तुमच्या पाया पडला. "बाबाजी, बारह बजे. पक्का." तुम्ही त्याच्या पगडीवर हात ठेवून तुमचं ते वाक्य म्हणालात.

बारा वाजून गेले. एक वाजला. मी चिडचिड करत ऑटो बघायला निघाले तर कोपऱ्यावर पोलिसांची जीप. कुलवंतला खरडच्या रस्त्यावर गोळ्या घातल्या होत्या. कोणी घातल्या ते आजवर कळलं नाही. कोणी म्हणालं हे, कोणी म्हणालं ते, आणि प्रत्येक जण आजूबाजूला बघून बोलत होता. मनजीत, त्याची बायको, तुमच्यासाठी पराठे बांधत होती. तो डबा ओट्यावर तसाच राहिला.

प्रकाश म्हणाला, अजून वेळ आहे, ऑटोने गाडी मिळेल, उद्या सगळं बंद होईल. मीही तेच म्हणाले. तुम्ही अंगणातल्या ट्रंकेकडे पाहिलंत. मग मफलर काढून तिच्यावर ठेवलात आणि आत जाऊन बीजींपासून थोड्या अंतरावर सतरंजीवर बसलात. तुम्हाला पंजाबी येत नव्हतं आणि हिंदी आपलं गावाकडच्या शाळामास्तरांसारखं. संध्याकाळी वर आलात ते ट्रंकेची किल्ली मागायला. म्हणालात, "कपडे काढून ठेव माझे."

त्यानंतर रोज सकाळी अंघोळ झाली की तुम्ही खाली जायचात. बीजी खाटेवर, तुम्ही वेताच्या खुर्चीवर. सुरुवातीला पिंकी मध्ये बसून दोघांचं एकमेकांना सांगायची, मग कंटाळून खेळायला पळाली. तुमचं काही अडलं नाही. त्या त्यांचा गुरुबाणीचा पाठ पुटपुटायच्या, तुम्ही तुमचं पवित्र शास्त्र वाचायचात. निघताना "उद्या येतो, प्रभूची इच्छा असेल तर" म्हणायचात. त्याचा अर्थ त्यांनी पिंकीला विचारून घेतला होता. मग रोज तुमचं वाक्य संपलं की त्या म्हणायच्या, "जो वाहेगुरू नूं मंज़ूर." जिन्यात उभी राहून मी हे ऐकायची. लेक गेल्यापासून त्या बाई दुसऱ्या कुणाशी धड बोलत नव्हत्या.

ईस्टर जवळ आला. दादांचे निरोप येत होते. मी तुम्हाला विचारलं, तिकीट काढू का? तुम्ही म्हणालात, बघू. तेव्हा आपलं मोठं भांडण झालं, जे अजून संपलेलं नाही. मी म्हणाले, इथे रोज माणसं मरताहेत, तुम्ही किती घरी जाऊन बसणार? तुम्हाला कोणी बोलावलंय? ना तुमची मंडळी, ना तुमची भाषा. आणि आत्या? त्यांना दिलेल्या शब्दाचं काय? ईस्टरला कोण फुलं ठेवणार?

तुम्ही मग म्हणालात, "ती निजलीय, सुमन. ही जागी आहे."

मी म्हटलं, हे प्रवचनात ठीक आहे. तुम्ही म्हणालात, "प्रवचनात सोपं असतं. मला घरी जायचंय. रोज वाटतं, आज निघावं. पण खाली ती खुर्ची मांडून ठेवते." एवढंच तुमचं आज्ञापालन. आभाळातून आवाज आला नाही, स्वप्न पडलं नाही. एक म्हातारी खुर्ची मांडून ठेवते म्हणून तुम्ही थांबलात. मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पुरतं पटलंय असं नाही. तुम्ही त्या दुपारी ऑटोत बसला असतात तर आज आत्यांच्या उजव्या हाताला असतात.

उन्हाळा लागला आणि तुमची छाती भरून येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय, प्रवास नको. तुम्ही खाली उतरेनासे झालात तेव्हा बीजी वर येऊ लागल्या. गुडघ्यांवर हात दाबत, प्रत्येक पायरीवर थांबत, आणि आता खुर्ची मी मांडायची. त्या आठवड्यात शहरात पुन्हा गोळीबार झाला आणि कर्फ्यू लागला.

शेवटची दुपार. कूलर घरघरत होता. प्रकाश खाली पाणी भरत होता. तुम्ही डोळे उघडलेत आणि माझा हात धरलात. "सुमन, मला गावाला न्यायचं. तुझ्या आत्याशेजारी. शब्द दे." मी दिला. लगेच दिला, विचारही केला नाही. बीजी खुर्चीवर पाठ म्हणत होत्या. तुम्ही छताकडे बघत राहिलात. मी ओला पंचा पिळायला वळले. मग मागून तुमचा आवाज आला, अगदी बारीक. "प्रभूची इच्छा असेल तर."

"जो वाहेगुरू नूं मंज़ूर," बीजी म्हणाल्या आणि पुन्हा पाठाला लागल्या.

दिवेलागणीला तुम्ही गेलात.

पुढचं तुम्हाला सांगायला नको असं वाटतं, पण कोणाला सांगू? प्रकाश कर्फ्यूचा पास घेऊन स्टेशनवर गेला, ट्रकवाल्यांकडे गेला, माहितीतल्या एका एअर फोर्सच्या मराठी अधिकाऱ्याच्या दारात जाऊन बसला. दिल्लीचा रस्ता बंद. शवपेटी न्यायला कोणी तयार नाही. पेटीत काहीतरी लपवून नेतोय असं प्रत्येकाला वाटायचं, आत बंदुका तर नसतील म्हणून. बर्फाच्या लाद्या मिळाल्या त्या निम्म्या वितळलेल्या. पाणी जिन्यावरून खाली वाहत होतं आणि मनजीत ते पुसत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रकाश दारात उभा राहून म्हणाला, "सुमन, आता नाही थांबता येणार." मला कळलं. वास मलाही येत होता.

तुमच्या पेटीला लाकूड कुठलं, ते ऐका. कुलवंतने बहिणीच्या पलंगासाठी घरी आणून ठेवलेल्या शिसमच्या फळ्या. बीजींनीच काढून दिल्या. मनजीतचे वडील आणि प्रकाश यांनी अंगणात बसून त्या कापल्या. कर्फ्यूत दोन तासांची सूट मिळाली तेवढ्यात सगळं. इथले पाळक सायकलवर आले, हिंदीत उपासना घेतली, घड्याळाकडे बघत. खांदा द्यायला प्रकाश, मनजीतचे वडील आणि त्यांच्याकडचे दोन पगडीवाले. मराठी माणूस आणखी कोणी पोचू शकलं नाही. मराठी गीत मी एकटीने म्हटलं आणि दुसऱ्या कडव्याला माझा आवाज गेला. बीजींनी मूठभर माती टाकली. मग सूट संपायच्या आत आम्ही धावतपळत घरी आलो, मामा. तुम्हाला पुरून धावत घरी आलो.

दादांचं म्हणणं साधं होतं. ते म्हणत, पप्पांनी शब्द घेतला होता. थंडीत वातावरण निवळलं की परवानगी काढून पेटी उकरायची आणि गावी आणायची. खर्च मी करतो. दगड थांबला आहे. मी त्यांना सांगितलं की मामा शेवटी प्रभूची इच्छा असेल तर म्हणाले. दादा मग म्हणाले, "ते पप्पा सगळ्यालाच म्हणायचे, सुमन." मी म्हटलं, ह्याला कधी म्हणत नव्हते. ते म्हणाले, "ऐकलं कोणी? तूच ना?"

प्रकाशनेही तेच म्हटलं, थोड्या मऊपणाने. त्याने माझ्यावर अविश्वास दाखवला नाही, पण म्हणाला, "सवयीने आलं असेल तोंडून. मरताना माणूस सवयीचंच बोलतो." त्याचा मला राग आला नाही. कारण हीच शंका मला स्वतःला खात होती. तुम्ही खरोखर ती जागा प्रभूच्या हवाली केलीत का? का नेहमीचं शेपूट जिभेने आपलंआपण जोडलं? पहिलं खरं असेल तर तुम्हाला उकरणं म्हणजे तुम्ही दिलेलं परत हिसकावणं. दुसरं खरं असेल तर मी दिलेला शब्द मोडून, वर तुमच्याच वाक्याचा आडोसा घेऊन बसले आहे. मी रोज प्रार्थनेला बसते आणि तुम्हाला सांगते, मला उत्तर येत नाही. देवाशी मी सध्या कामापुरतीच बोलते.

परवा रविवारी प्रकाश भाडं द्यायला खाली गेला, मीही बरोबर होते. वेताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली. काय वाटलं कोण जाणे, त्याने बीजींना विचारलं. "बीजी, त्या दिवशी बाबा ते बोलले होते का? रोजचं ते?" हिंदीत विचारलं.

"किहा सी, पुत्तर. मैं जवाब दित्ता सी." म्हणाले होते, आणि त्यांनी जवाब दिला होता.

प्रकाश म्हणाला, हो, पण ते तर रोजच म्हणायचे.

बीजींनी मान हलवली. "रोज़ तां झट कह देंदे सी. ओस दिन बड़ी देर लाई." रोज झटकन म्हणायचे, त्या दिवशी फार वेळ लावला. मग स्वतःच्या मांडीवर हात ठेवून म्हणाल्या की त्या वाट बघत होत्या. तुम्ही माझ्याशी बोलणं संपवलंत तेव्हाच त्यांना वाटलं होतं, आता म्हणतील. तुम्ही म्हणाला नाहीत. त्यांनी पाठाची पुढची ओळ म्हटली, त्याच्या पुढची म्हटली. तुमचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं. मग आलं ते वाक्य.

मी पंचा पिळत होते, मामा. माझी पाठ होती तुमच्याकडे.

प्रकाश जिन्यातच बसला आणि रडला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. सवयीचं वाक्य असं येत नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याच संध्याकाळी त्याने दादांना कॉल लावून बीजींचं सांगणं ऐकवलं. काल दादा पुन्हा पाथरवटाचं विचारत होते ते आता वेगळ्या अर्थाने. त्यांचं म्हणणं, तारीख तर कोरायचीच, पण दगडावर मग खोटं होईल, पप्पा तिथे नाहीत. मी म्हटलं, दादा, काही कोरू नका. जागा कोरीच राहू द्या. लाइनीवर त्या बायकांचा साड्यांचा विषय चालूच होता. मग म्हणाले, "आईच्या शेजारी रिकामंच राहणार मग." मी हो म्हटलं. आत्यांनीही ती जागा प्रभूला दिली होती का, ते कोणी विचारलंच नाही.

तुमच्याशी असलेलं माझं भांडण मिटलेलं नाही, हे लक्षात असू द्या. प्रभू तुम्हाला एवढी एक जागा देऊ शकला असता. त्याचं काय बिघडलं असतं? हे मी त्याला भेटेन तेव्हा विचारणार आहे, तुम्ही मध्ये पडू नका.

पण आज सकाळी मी खाली गेले. बीजींनी खुर्ची भिंतीपासून काढून ठेवली होती. मी बसले. त्या पाठ म्हणत होत्या, मी भाजी निवडत होते. मध्येच त्यांनी विचारलं, आता तुम्हीही इथून जाणार ना, बदली मागितलीये म्हणे. मी म्हटलं, हो बीजी, मागितलीये. येत्या वर्षी होईल कदाचित. त्या थांबल्या. हातातली माळ थांबली. माझ्याकडे बघत राहिल्या, जणू वाक्य अर्धं राहिलंय.

ते वाक्य मी आजवर चेष्टेवारी नेलं, मामा. बोलायला किती जड आहे ते मला माहीत नव्हतं. मी एक जुडी निवडली, दुसरी घेतली, तीही निवडून झाली. बीजी वाट बघत होत्या. मलाही बराच वेळ लागला.

मग मी म्हटलं, आणि त्यांनी जवाब दिला.